घरात आतलं कोण, बाहेरचं कोण?

टोरंटोत उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळचे साडेनऊ वाजतात, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे सात झालेले असतात. पुण्यातल्या वडिलांना मुलीला व्हिडिओ कॉल करायला ही वेळ सोयीची. पण इकडच्या घरात सगळ्यांनी मिळून पोहे खायची वेळही हीच. मुलगी फोन घेऊन खोलीत जाते आणि दार लावून घेते. बाहेर टेबलापाशी बसलेल्यांना आता कुठल्या विषयावर बोलावं ते सुचत नाही.

समजा, हे घर टोरंटोजवळच्या ब्रॅम्पटनमधलं आहे. नवरा बरीच वर्षं कॅनडात. पहिल्या लग्नाचा आठ वर्षांचा मुलगा तिथंच जन्मलेला. बायको पुनर्विवाहानंतर पुण्याहून आली, सोबत बारा वर्षांची मुलगी. कुटुंब काल्पनिक आहे, दुर्मीळ मात्र नाही. कॅनडाच्या जनगणनेत सावत्र कुटुंबं पहिल्यांदा वेगळी मोजली गेली ती २०११ साली. मुलं घरात असलेल्या जोडप्यांपैकी १२.६ टक्के जोडपी अशी निघाली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाऊ यांनी अनेक वर्षं अशा घरांचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की इथली मूळ अडचण माणसांच्या स्वभावात नसते, घराच्या रचनेत असते. आई आणि मुलगी यांचं नातं बारा वर्षं मुरलेलं, नवरा-बायकोचं मात्र अजून कोवळं. मुलगी रडवेली होऊन आली की आई तिच्याकडे वळणार, आणि नवरा आपल्याच घरात बाहेरचा ठरणार. आपला मुलगा मध्ये आला की हेच उलट. चौघंही भली माणसं असली तरी हे चुकत नाही.

स्थलांतरानं या रचनेला आणखी एक पीळ बसतो. घरात बाहेरचा असलेला हा नवरा उंबरा ओलांडला की एकदम आतला होतो. बँक, हेल्थ कार्ड, शाळेचा प्रवेश, थंडीतले टायर, सगळं त्यालाच माहीत. बायको मुलीच्या बाबतीत आतली, पण बसचं तिकीट काढण्यापासून परावलंबी. दोघंही कुठे ना कुठे उपरे आहेत, फक्त एकाच वेळी एकाच जागी नाहीत. त्यामुळे एकाला लागलेली ठेच दुसऱ्याला कळत नाही. ‘ती इथं रमतच नाही’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो; माझ्या मते त्यातला बराचसा भाग देशाचा नसून या पिळाचा असतो.

शिस्तीचा प्रश्न इथंच चिघळतो. मॅव्हिस हेदरिंग्टन यांनी व्हर्जिनियात घटस्फोटित आणि पुनर्विवाहित कुटुंबांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला. नवा सावत्र बाप सुरुवातीलाच शिस्त लावायला उतरला, तर अगदी प्रेमानं आणि समजुतीनं लावली तरी मुलं त्याच्यापासून लांब जातात, असं त्यांना दिसलं. ज्यांनी आधी ओळख वाढवली आणि आईनं घातलेल्या नियमांना मागून दुजोरा दिला, त्यांचं पुढे बरं जमलं. किशोरवयाच्या उंबरठ्यावरच्या मुलांना हा बदल सर्वांत जड जातो, आणि सावत्र वडील स्वीकारणं मुलांपेक्षा मुलींना अवघड जातं. आपल्या गोष्टीतली मुलगी बारा वर्षांची आहे.

आता या माणसानं मागे राहायचं कसं? शाळेतल्या बाईंशी तोच बोलणार, गाडी तोच चालवणार, जानेवारीत जाड बुटांशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही हेही त्यालाच ठाऊक. नातं जुळायच्या आधीच अधिकार हातात येऊन पडतो. एक वाट आहे, दिसायला क्षुल्लक: माहिती त्यानं आईला द्यायची, आणि नियम आईनं मुलीला सांगायचा. वेळ दुप्पट जातो खरा. पण ‘काका मला ओरडतात’ या वाक्याला जागा राहत नाही.

वेळेचा हिशेब तर फारच चुकतो. पेपरनाऊ यांच्या निरीक्षणात लवकर स्थिरावणाऱ्या सावत्र घरांनाही साधारण चार वर्षं लागली, बहुतेकांना सात. भाषेचंही असंच. जिम कमिन्स यांनी टोरंटोतल्याच स्थलांतरित विद्यार्थ्यांची आकडेवारी तपासली होती. गप्पांपुरतं इंग्रजी दोनेक वर्षांत येतं, अभ्यासाचं इंग्रजी बरोबरीच्या मुलांइतकं व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे चौदाव्या वर्षी ही मुलगी मैत्रिणींशी फाडफाड बोलू लागेल आणि मोठी माणसं ‘रुळली एकदाची’ म्हणून निर्धास्त होतील. प्रत्यक्षात इतिहासाचा निबंध तिला अजून झेपत नसेल आणि घरही अर्धवटच जुळलेलं असेल. दोन्ही पुरं व्हायच्या सुमाराला तिची शाळाच संपत आलेली असेल.

भाषेमुळे घरातली उतरंडही हलते. अलेहांद्रो पोर्तेस आणि रूबेन रुम्बाउत यांनी १९९२ पासून मायामी आणि सॅन दिएगो भागातल्या पाच हजारांहून अधिक स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास केला. मुलं नव्या भाषेत आईवडिलांच्या फार पुढे गेली की आईवडील त्यांच्यावर अवलंबून राहतात आणि अधिकार उलटा फिरतो, असं त्यांनी मांडलं. आपल्या घरात ही उलथापालथ भावंडांमध्येही होते. आठ वर्षांचा धाकटा बारा वर्षांच्या थोरलीला दुकानात, बसमध्ये शिकवू लागतो. ताईपण तिच्या हातून निसटतं. आणि त्या पोराचं काय? कालपर्यंत बाबा फक्त त्याचे होते. आज घरभर मराठी चालू आहे, त्याला अर्धीच समजते, आणि ‘तुला काय, तू तर इथलाच’ असं म्हणून त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

हा ताण शरीरातही मोजता येतो. मानववंशशास्त्रज्ञ मार्क फ्लिन यांनी १९८८ पासून कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरच्या एका गावात मुलांच्या लाळेचे हजारो नमुने गोळा केले आणि त्यातलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक मोजलं. एकाच छपराखाली राहणाऱ्या मुलांमध्ये सावत्र मुलांचं सरासरी कॉर्टिसॉल त्या बापाच्या स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त निघालं. त्या गावाचा निष्कर्ष ब्रॅम्पटनला जसाच्या तसा लावू नये, हे उघड आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: आई एकटी असली, पण आजूबाजूला नातेवाइकांचा आधार असला, तर मुलांवरचा ताण कमी दिसला. स्थलांतरात नेमका हाच आधार तुटतो. पुण्यात मुलगी रुसून दोन दिवस आजीकडे राहायला गेली असती. इथं रुसून जायला फक्त बाथरूम.

वडिलांची गोष्ट आणखी नाजूक. अल्पवयीन मूल एका पालकाबरोबर कायमचं कॅनडात जाणार असेल, तर मागे राहणाऱ्या पालकाची लेखी संमती सहसा मागितली जाते. म्हणजे पुण्यातल्या वडिलांनी सही केली, आणि मुलीला ते ठाऊक असू शकतं. पॉलीन बॉस या संशोधिकेनं व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरांचा अभ्यास करताना ‘संदिग्ध वियोग’ ही कल्पना मांडली: माणूस गेलेला नाही आणि जवळही नाही, त्यामुळे शोकालाही तोंड फुटत नाही. दर रविवारी पडद्यावर हसणारे वडील याच प्रकारात मोडतात. त्यांच्यावर रागावणं कठीण असतं. तो राग टेबलापाशी बसलेल्या माणसावर निघणं सोपं असतं.

भावंडांबद्दल मात्र विज्ञानाकडे जरा बरी बातमी आहे. डेब्रा लिबरमन, जॉन टूबी आणि लीडा कॉस्मिडीस यांनी २००७ साली सुमारे सहाशे लोकांना विचारलं की ते भावंडांची किती कामं करतात, गरज पडली तर मूत्रपिंड देतील का. लहानपणी जितकी वर्षं एका घरात गेली, तितकी ही तयारी जास्त आढळली. विशेष म्हणजे, आपलं रक्ताचं नातं नाही हे पक्कं माहीत असलेल्या सावत्र आणि दत्तक भावंडांतही हा परिणाम दिसला. बुद्धीला जे माहीत असतं, त्यावर हे मोजमाप थांबत नाही. ब्रॅम्पटनच्या या दोघांच्या वाट्याला, ताई शिकायला दुसऱ्या गावी जाईपर्यंत, सहाएक वर्षं येतील. एकच खोली वाटून घ्यावी लागली तर तक्रारी भरपूर होतील, पण ती वर्षं एका घरातली म्हणूनच मोजली जातील.