लायसन्स मोजकी, जॉब पाचशे

मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं सिम्युलेशन लॅपटॉपवर नीट चालतं. तेच पाचशे वेगवेगळ्या पॅरामीटरसाठी चालवायचं ठरलं, की क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचा संच, गाठावा लागतो आणि तिथे आधी अडतं ते लायसन्सवर. प्रोसेसरचे कोअर हजार मोकळे असले तरी मॅटलॅब ज्या ज्या नोडवर (क्लस्टरमधल्या संगणकावर) उघडेल तिथे लायसन्स लागतं. ती संपली की पुढचे जॉब, म्हणजे क्लस्टरला दिलेली कामं, सुरू होताहोताच पडतात.

यावरचा उपाय म्हणजे कोड कंपाइल करून नेणं. मॅटलॅब कंपायलरची ‘एमसीसी’ ही कमांड तुमची मुख्य फाइल आणि तिला लागणारी फंक्शन्स गोळा करून एक एक्झिक्युटेबल बनवते. ते चालवायला मॅटलॅब लागत नाही, असे प्रोग्रॅम चालवणारा मॅटलॅब रनटाइम पुरतो आणि तो फुकट मिळतो. लायसन्स लागतं ते फक्त कंपाइल करताना.

कंपाइल केलं म्हणजे वेग वाढेल, हा मात्र गैरसमज. फोरट्रान किंवा सीचा कंपायलर कोडचं थेट प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करतो. इथे तुमचा कोड एनक्रिप्ट करून गठ्ठ्यात बांधला जातो आणि रनटाइम तो उलगडून जवळपास नेहमीच्याच इंजिनावर चालवतो. संथ लूप संथच राहतो.

रनटाइमची आवृत्तीही जुळावी लागते. आर२०२२बी वर बांधलेला प्रोग्रॅम आर२०२३ए च्या रनटाइमवर चालत नाही. शिवाय विंडोजवर बसून लिनक्सचा प्रोग्रॅम बांधता येत नाही आणि क्लस्टर तर बहुधा लिनक्सचेच. या चुका निदान लगेच एरर देतात.

खरा त्रास देतात त्या गप्प राहणाऱ्या चुका. कमांड लाइनवरून दिलेली किंमत प्रोग्रॅमला मजकूर म्हणून मिळते. तुम्ही ५ दिलात आणि आत त्याची दुप्पट केलीत, तर उत्तर येतं १०६! कारण ‘5’ या अक्षराचा आस्की क्रमांक (संगणकातला अक्षराचा ठरलेला क्रमांक) ५३ आहे आणि मॅटलॅब अक्षरांवरही बिनतक्रार गणित करतं. त्यामुळे आत आल्या आल्या मजकुराची संख्या करून घ्यायची.

पहिल्यांदा चालताना प्रोग्रॅम आपला गठ्ठा एका कॅश (तात्पुरत्या साठ्याच्या) फोल्डरमध्ये उलगडून ठेवतो. हे फोल्डर सामायिक होम डिरेक्टरीत असलं आणि शेकडो जॉब एकदम तिथेच लिहू लागले, की काही जॉब विनाकारण कोसळतात. ‘एमसीआर कॅश रूट’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) नोडच्या स्वतःच्या तात्पुरत्या डिस्ककडे वळवला की प्रश्न मिटतो. रनटाइम नोडवरचे सगळे कोअर वापरू पाहतो, तेव्हा जॉबने एकच कोअर मागितला असेल तर कंपाइल करताना सिंगल थ्रेडचा पर्याय द्यावा. शेजारच्या जॉबवर तेवढे उपकार.

सगळ्यात घातक चूक यादृच्छिक संख्यांची. मॅटलॅब दर वेळी त्याच ठरलेल्या सीडपासून, म्हणजे ज्यावरून पुढचे यादृच्छिक आकडे ठरतात त्या सुरुवातीच्या आकड्यापासून, सुरू होतं. म्हणजे मॉन्टे कार्लोचे (यादृच्छिक नमुने घेऊन उत्तर काढण्याच्या पद्धतीचे) पाचशे जॉब लावले, तर पाचशेही जॉब हुबेहूब तेच ‘यादृच्छिक’ आकडे वापरतात. पाचशे नमुन्यांची सरासरी काढल्याच्या समाधानात प्रत्यक्षात नमुना एकच असतो. घड्याळावरून सीड घेणं हाही भरवशाचा मार्ग नाही, कारण जॉब एकाच क्षणी सुरू होऊ शकतात. त्यापेक्षा क्लस्टरवरच्या जॉबची रांग सांभाळणाऱ्या स्लर्म या सॉफ्टवेअरच्या अ‍ॅरे जॉबमध्ये (एकाच वेळी लावलेल्या सारख्या जॉबच्या गटात) प्रत्येकाला मिळणारा क्रमांकच सीड म्हणून द्यावा. मग ३१७ क्रमांकाच्या जॉबमध्ये विचित्र आकडा आलाच, तर तेवढाच जॉब त्याच आकड्यांसह पुन्हा चालवून पाहता येतो.