मातीच्या बैलाला आंघोळ घालण्याआधी

पोळ्याच्या सकाळी दोन-चार जण तरी हातात ताट घेऊन आमच्या दारात उभे असतात. ताटात चिखल आणि त्यातून वर आलेलं एखादं शिंग. "आंघोळ घातली आणि बैल खालीच बसला हो!" त्यांना नवी जोडी लगेच हवी असते आणि मागे रांग लागलेली असते.

पूजेची जोडी कच्च्या मातीची असते, भट्टीत भाजलेली नसते. खरा बैल नदीवर नेऊन धुतात, तेव्हा घरच्यालाही धुवावंसं वाटणारच. पण वाळलेली माती पाणी पिते आणि पुन्हा चिखल होते. आपल्याकडचा इगतपुरीचा डांगी बैल मुसळधार पावसात उभा राहतो, कारण त्याचं कातडं तेलकट असतं. मातीच्या डांगीला ते जमत नाही. फुलाने दोन थेंब शिंपडा, एवढ्याने आंघोळ होते. खांदेमळणीचं हळद-तूप बोटाने खांद्याला लावा. पंचामृत बैलासमोरच्या वाटीतच राहू द्या.

"मग सगळे भाजूनच का देत नाही?" भाजलेलेही आहेत, मुलांना खेळायला किंवा कपाटात ठेवायला तेच घ्या. पण माती सुमारे ६०० अंशांच्या वर तापली की तिचा पुन्हा चिखल होत नाही. पूजेनंतर बादलीत ठेवलेला भाजका बैल पुढच्या पोळ्यालाही तसाच निघेल. कच्चा बैल हळूहळू विरतो आणि माती तुळशीच्या कुंडीत जाते. कच्चा देतो म्हणजे काम अर्धवट सोडतो, असं कृपया समजू नका. मातीचा बैल काही आमचा शोध नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुना मातीचा बैल सापडला आहे.

दुसरी विनंती वेळेची. "आज सांगतो, परवा द्या" हे श्रावणात होत नाही. माती चाळून, भिजवून, तुडवून घ्यायची, त्यात चाळलेली राख मिसळायची. धड, पाय, वशिंड, शिंगं वेगवेगळी करून पातळ चिखलाने जोडायची. मग सावलीत सुकवणं, आणि दमट हवेत त्यालाच आठ-दहा दिवस जातात. घाईने उन्हात ठेवला तर वरचं अंग आधी आकसतं, आतलं ओलंच राहतं, आणि पाय पोटापाशी तडकतो. तडकलेला बैल रंगाखाली लपवून विकायचा नाही, हे आमच्याकडे पहिल्यापासून ठरलेलं आहे.

नागपंचमीपर्यंत सांगितलंत तर हवा तसा बैल करून देतो. दिंडोरी-निफाडकडची काही मंडळी, ज्यांच्याकडे आता ट्रॅक्टर आहे, जुन्या जोडीचा फोटो घेऊन येतात: याचं डावं शिंग खाली वळलेलं, त्याच्या कपाळावर चांद. त्या जोड्यांना वेळ जास्त लागतो आणि पैसे थोडे जास्त पडतात, पण गेल्या वर्षीचे बहुतेक जण परत आले आहेत.

घरी नेताना बैल पोटाखाली हात देऊन उचला, शिंगाला धरून नको. शिंग मोडलंच तर तुकडा फेकू नका, बैलासोबत आणा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत फुकट जोडून देतो. पोळ्याच्या दिवशी मात्र हात रिकामा नसतो.