मेंदूचा दाब सांगणारा कान

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बाळाला न्हाऊ घालताना आजी टाळूवर तेल जिरवायची आणि तळहात क्षणभर तिथेच ठेवायची. टाळू खोल गेलेली दिसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. टम्म फुगलेली असली तर तडक डॉक्टरांकडे. कवटीतला दाब हाताला कळावा अशी तेवढी एकच जागा, आणि तीही दीडेक वर्षात भरून येते.

मग उरते बंद पेटी. एडिनबरोच्या अलेक्झांडर मन्रोंनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केलींनी १८२४ मध्ये हेच मांडलं: कवटी ताणत नाही, त्यामुळे आत एक गोष्ट वाढली की दुसरीला जागा सोडावी लागते. जागा संपली की दाब झपाट्याने चढतो. १८९१ मध्ये जर्मन डॉक्टर क्विंके यांनी पाठीतून सुई घालून मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी काढलं. १९६० मध्ये स्वीडनचे न्यूरोसर्जन लुंडबर्ग यांनी कवटीतून नळी घालून दाब सतत मोजल्याचं काम प्रसिद्ध झालं. नळीचा आकडा खात्रीचा, पण त्यासाठी न्यूरोसर्जन हवा आणि संसर्गाची, रक्तस्रावाची जोखीमही पत्करावी लागते. २००४ मध्ये पूर्व गुजरातेत मेंदूला सूज आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूची साथ आली, तेव्हा खेड्यातली लेकरं ताप आल्यावर पाहता पाहता बेशुद्ध होत होती. तिथे असली सोय कुठून आणायची?

कानाचा मार्ग इथे सुचतो. मेंदूभोवतीचं पाणी आणि आतल्या कानातलं पाणी एका केसाएवढ्या नलिकेने जोडलेलं असतं. लहानपणी ती बहुधा मोकळी असते. मेंदूत दाब वाढला की मधल्या कानातलं रिकिबीच्या आकाराचं इवलंसं हाड आतून बाहेर रेटलं जातं. मोठा आवाज ऐकवला की कानातला चिमुकला स्नायू आखडतो. तेव्हा कानाचा पडदा दाब जास्त असेल तर आत सरकतो, कमी असेल तर बाहेर. ही हालचाल नॅनोलिटरमध्ये, म्हणजे थेंबाच्या हजारो पट लहान मापात मोजायचं यंत्र इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या रॉबर्ट मार्चबँक्स यांनी तयार केलं. मूल बेशुद्ध असलं तरी चालतं, कारण त्याने काही सांगावं लागत नाही. केनियाच्या किलिफीत कोमातल्या मुलांवर ते वापरून पाहिलं गेलं आणि २०१३ मध्ये तो अभ्यास छापून आला. मूल वाचेल की नाही याची चाहूल वेळेत लागावी, ही त्यामागची ओढ मला फार मोलाची वाटते.

माणसामाणसात आकडे इतके वेगळे येतात की एका मोजणीवर भिस्त ठेवता येत नाही. त्याच मुलाचा आकडा तासातासाला कसा बदलतो हे पाहणं जास्त उपयोगाचं. शिवाय मधल्या कानात पाणी किंवा पू असला तर मोजमाप बिघडतं. आणि मेंदूज्वराची सुरुवात कित्येकदा वाहत्या कानापासूनच झालेली असते.