सेप्टिक टाकी व शोषखड्डा (गोवा)

सार्वजनिक मलवाहिनी नसलेल्या घरांचे मैलापाणी जागच्या जागी जिरवण्याची जमिनीखालील व्यवस्था. टाकीत मैला तळाशी बसतो, तेलकट तवंग वर येतो, प्राणवायूविना वाढणारे जीवाणू गाळ कुजवतात आणि मधल्या थरातील पाणी शोषखड्ड्यात (बोलीत ‘सोकपिट’) जाऊन जमिनीत मुरते. पणजी, मडगाव, वास्को यांचे काही भाग वगळता गोव्यात बव्हंशी हीच व्यवस्था आढळते.

टाकीच्या शोधाचे श्रेय सामान्यतः फ्रान्समधील व्हझूल येथील झाँ-लुई मूरा यांना दिले जाते. त्यांनी घरची टाकी १८६०च्या सुमारास बांधली आणि बारा वर्षांनी उघडल्यावर तीत घनमल फारच थोडा आढळला, असे सांगतात. मात्र त्यांचे पेटंट १८८१चे आहे, त्यामुळे आधीची तारीख जपूनच घ्यावी लागते. इंग्लंडमधील एक्झेटरचे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५च्या सुमारास बांधलेल्या टाकीमुळे आजचे नाव रूढ झाले. पुढे त्यांच्या पेटंटवरून अमेरिकेत खटले चालले. मूरा यांचा अग्रक्रम मान्य करून आजच्या प्रकाराचा प्रसार कॅमेरॉन यांच्यापासून मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

गोव्याच्या संदर्भात जुना प्रश्न जमिनीचा आहे. पोर्तुगीजांची पूर्वीची राजधानी जुने गोवे (वेल्हा गोवा) ओस का पडले, याविषयी मतभेद आहेत. काहींचा भर हिवतापावर आहे, तर काहींच्या मते सच्छिद्र जांभ्यातून शौचकूपांचे पाणी विहिरींत उतरत असे. १५४३च्या पटकीसदृश साथीचे वर्णन पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोरिया यांनी केले आहे. राजधानी अधिकृतपणे पणजीला आली ती १८४३ मध्ये. दोन्ही कारणे एकत्र घडली असावीत. तथापि जांभ्याविषयीचा मुद्दा आजही लागू पडतो. जांभ्याच्या भेगांतून पाणी न गाळता दूरवर जाते, तर खाजनांलगतच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनींलगतच्या) चिकण मातीत ते मुरतच नाही. भारतीय मानक आयएस २४७० मध्ये शोषणव्यवस्था पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावी, असे म्हटले आहे. दाट वाड्यांत शेजाऱ्याची विहीर या अंतराच्या आत येते, हे मात्र आराखड्यात क्वचितच दिसते.

बिघाडाची ओळख : गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो व त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भूजल वर आले की शोषखड्डा बाहेरूनच भरतो, आणि घरमालक टाकी भरल्याचे समजून टँकर बोलावतात. टाकी उपसली तरी चार दिवसांत संडासाचे पाणी पुन्हा वर राहते. शिवाय फायबर किंवा प्लॅस्टिकची हलकी टाकी भर पावसात रिकामी केल्यास उचलली जाऊन नळ तुटण्याचा धोका असतो. म्हणून आधी चेंबरांची (नळांवरील तपासणीच्या हौदांची) झाकणे उघडून पाहावे. टाकीपुढचा चेंबर तुंबलेला असेल तर दोष खड्ड्याचा किंवा त्याकडे जाणाऱ्या नळाचा. टाकीअलीकडचा तुंबून पुढचा कोरडा असेल तर नळ चोंदला आहे किंवा टाकीचे प्रवेशमुख बंद झाले आहे. एकच मोरी गुडगुडत असेल आणि बाकीच्या वाहत असतील तर अडथळा त्या शाखेत समजावा. खड्ड्याच्या वर उन्हाळ्यातही ओलसर, दाट हिरवे गवत असणे, हे आणखी एक लक्षण.

गाळ मोजण्यासाठी पांढरे फडके गुंडाळलेली लांब काठी झाकणातून तळापर्यंत सोडतात. काही मिनिटांनी काढल्यावर काळा पट्टा किती उंच चढला ते दिसते. गाळ व तवंग मिळून पाण्याच्या खोलीचा सुमारे एकतृतीयांश भाग व्यापू लागले की उपसा करावा. तो साधारण दोन-तीन वर्षांनी आणि शक्यतो पावसापूर्वी करतात. जीवाणूंच्या विरजणासाठी थोडा गाळ ठेवतात.

प्रतिबंध : छपराचे पावसाळी पाणी टाकीत सोडू नये, ही चूक सर्रास आढळते. स्वयंपाकघराच्या मोरीला जाळी आणि तेल अडवणारा चेंबर असावा, कारण मासळी तळलेले तेल व खोबरेल थंड पडले की नळात थिजते. माशांची खवले, नारळाच्या शेंड्या आणि सॅनिटरी पॅड टाकू नयेत. वायुनळीला डासजाळी हवी, कारण क्युलेक्स डासांची पैदास अशा टाक्यांत होते.

टाकीत मिथेन व हायड्रोजन सल्फाइड साठतात. दुसरा वायू जास्त प्रमाणात घ्राणशक्तीच बधिर करतो, म्हणून वास येत नाही हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. संरक्षक साधनांविना माणूस उतरवून सफाई करून घेण्यास २०१३च्या केंद्रीय अधिनियमाने बंदी आहे.

पूर्वी खेड्यांत डुकरांवर चालणारे संडास होते. त्यांची जागा टाक्यांनी घेतली. मलवाहिनीची जोडणी मिळाल्यावर जुनी टाकी उपसून वाळू-मातीने बुजवावी, नाहीतर झाकण कुजून माणूस किंवा गुरे आत पडण्याचा धोका राहतो.