जुन्या मारुतीचं ॲव्हरेज जातं कुठे?

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा सुटते. दोन माणसं बसलेली जुनी मारुती 800 सपाट डांबरी रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरने चालती ठेवायची, तर माझ्या हिशेबाने साधारण 165 न्यूटन बळ पुरतं. 17 किलोचं पोतं उचलून धरायला एवढंच बळ लागतं. आता भागाकार करून बघा. त्या एका लिटरात गाडी 190 किलोमीटरच्या वर जायला हवी. यवतमाळहून नागपूर गाठूनही टाकीत थेंब उरायला हवेत.

प्रत्यक्षात ती पंधरा-सोळा देते, कुणाची बारावर येते. दारव्हा, आर्णी, घाटंजीकडच्या कुठल्याही गॅरेजवर उभे राहा, "गाडी लय पेट्रोल पिऊन रायली ना भाऊ" ही तक्रार ऐकू येतेच. तिचं ठरलेलं उत्तर असतं, "जुनी झाली आता." मला हे उत्तर पटत नाही. वयाने इंजिन थोडं झिजतं, हे खरं. पण बहुतेक गाड्यांचं ॲव्हरेज झिजेमुळे पडत नाही. गाडीचं सेटिंग ज्या हवेसाठी आणि ज्या पेट्रोलसाठी केलेलं होतं, ती हवा आणि ते पेट्रोल आता इंजिनात जात नाही, म्हणून ते पडतं.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा मोठा वाटा सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जातो. हा निसर्गनियम आहे, तो कुठलाही मिस्त्री मोडू शकत नाही. उरलेल्यातून पिस्टनचं घर्षण भागतं, आणि अर्धवट बंद असलेल्या थ्रॉटलमधून, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेतून, हवा ओढण्याचं कामही भागतं. हळू चालणाऱ्या गाडीत हे ओढण्याचं काम चांगलंच महाग पडतं. म्हणून टॉप गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबून चालवलेलं इंजिन खालच्या गिअरमध्ये किंचाळणाऱ्या इंजिनापेक्षा कमी पितं. मात्र गाडीला आचके बसायला लागले की गिअर उतरवलाच पाहिजे.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली. 796 सीसी, तीन सिलिंडर, वजन जेमतेम साडेसहाशे किलो. उत्पादन 2014 मध्ये थांबलं, पण नव्वदच्या दशकातल्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या आपल्या तालुक्यांत अजून रोज बाजाराला जातात. खरी गोष्ट आहे ती या कार्ब्युरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची.

हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळे जेटमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल वर ओढलं जातं. यंत्रणा फार हुशार आहे, पण तिला हवेचं वजन कळत नाही. आणि ज्वलनाला तर वजनच लागतं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे 14.7 किलो हवा हवी. जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असतो, मे महिन्याच्या दुपारी अकोला-चंद्रपूरकडे तो 45 च्या वर जातो. तापलेली हवा विरळ होते, एवढ्या फरकाने दहा टक्क्यांहून जास्त. गणित केलं की मिश्रणावर याचा परिणाम घनतेच्या वर्गमुळाइतका होतो, म्हणजे तोच जेट, मिश्रणाचा तोच स्क्रू, पण उन्हाळ्यात मिश्रण पाच-सहा टक्के जास्त पेट्रोलाचं बनतं. मिस्त्री याला ओव्हर म्हणतात. धूळ याच दिशेने ढकलते. मुरमाच्या रस्त्याने आणि पांदणीने फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर तुंबला की कार्ब्युरेटरमधला दाब आणखी उतरतो आणि पेट्रोल आणखी ओढलं जातं. नव्या इंजेक्शनवाल्या गाडीत संगणक हे सावरून घेतो. जुन्या गाडीत सावरणारं कुणी नाही, म्हणून कापसाच्या हंगामात फिल्टर वरचेवर काढून बघावा.

आता पेट्रोलकडे येऊ. 2025 पासून आपल्याला पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रणात लिटरमागे साधारण सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यानेही निव्वळ पेट्रोलसाठी रचलेल्या आणि 10 टक्क्यांच्या मिश्रणावर बसवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. सोळाची पंधरा झाली, तर तेवढी घट मान्य करावी. ती परत आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

पण इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, आणि ही बाजू कमी बोलली जाते. 20 टक्के मिश्रणाला 14.7 ऐवजी सुमारे 13.5 किलोच हवा लागते. जुना जेट मात्र पूर्वीएवढंच इंधन सोडतो. म्हणजे गाडी आपोआप सात-आठ टक्के लीन झाली, हवेच्या मानाने इंधन कमी पडलं. उन्हाळ्यात विरळ हवा आणि इथेनॉल एकमेकांना बरंचसं खोडून काढतात, गाडी बरी चालते. हिवाळ्याच्या सकाळी हवा दाट, इंधन अपुरं, त्यात इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. मग गाडी मिसिंग मारते, चोक (हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) लांबपर्यंत ओढून ठेवावा लागतो आणि ॲव्हरेज पडतं. मालक मिस्त्रीकडे जातो, मिस्त्री सवयीने "अजून लीन करून देतो" म्हणतो, आणि दुखणं दुप्पट होतं. फार लीन मिश्रण नीट पेटत नाही. न पेटलेलं पेट्रोल तसंच बाहेर जातं, आणि ताकद मिळेना म्हणून पाय आणखी खाली दाबला जातो. अशा गाडीला लीन करण्याऐवजी मेन जेट (धावत्या गाडीला पेट्रोल देणारा) एका मापाने मोठा लागू शकतो. पेट्रोल वाचवायला जेट मोठा करायचा, हे उलटं वाटतं, पण हिशेब तसाच आहे.

जेटला हात लावायच्या आधी पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदला. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, चिरा पाडतं, आणि गरम इंजिनावर टपकणारं पेट्रोल घर जाळू शकतं. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने अंगणात उभी राहणार असेल, तर अर्धी रिकामी टाकी ठेवू नका. इथेनॉल पाणी धरतं, पाणी वाढलं की ते दोघं मिळून तळाशी बसतात आणि पत्र्याची टाकी आतून गंजायला लागते.

दुसरं मोठं कारण आपणच घडवलेलं आहे. विदर्भातल्या कितीतरी जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅट नाही. कधीतरी एखाद्या उन्हाळ्यात गाडी गरम झाली आणि तो काढून फेकला गेला. 80-82 अंशांच्या आसपास उघडणारी ही छोटी झडप इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती नसली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं, इंजिन थंडच राहतं. थंड मॅनिफोल्डच्या (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीच्या) भिंतीवर पेट्रोलचे थेंब चिकटतात, तेल घट्ट राहतं, घर्षण वाढतं. गावातून फाट्यापर्यंत, फाट्यावरून शाळेपर्यंत अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत अशी गाडी कधी नीट तापतच नाही. गाडी गरम होण्याचं मूळ बहुधा चोंदलेला रेडिएटर, ढिला पट्टा, पंखा किंवा विहिरीचं खारं पाणी यात असतं. ते दुरुस्त करा, साधं पाणी काढून कूलंट भरा आणि थर्मोस्टॅट परत बसवा. स्वस्तात स्वस्त आणि सगळ्यात उपेक्षित असा हा इलाज आहे, आणि तो करून घ्या असं मी भेटेल त्याला सांगतो.

मिश्रण बरोबर आहे की नाही, हे ओळखायचं उपकरण तालुक्याच्या ठिकाणी उभंच आहे. पीयूसीचं, म्हणजे धूर तपासायचं यंत्र! आपण त्याच्याकडे फक्त कागदासाठी जातो. सन 2000 च्या आधीच्या चारचाकीला आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो. कायद्याने पास, पण खिशाने नापास. धुरात 3 टक्के कार्बन मोनॉक्साइड म्हणजे इंधनातली जवळजवळ दहावा हिस्सा ऊर्जा अर्धवट जळून बाहेर चालली आहे. तेव्हा इंजिन पूर्ण गरम करून जा, आकडे लिहून घ्या. मग यंत्रवाल्या भाऊला विनंती करून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरा आणि पुन्हा आकडे बघा. पहिला आकडा स्लो जेटचं (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या जेटचं) आणि स्क्रूचं सांगतो, दुसऱ्यावरून मेन जेटचा अंदाज येतो. कार्बन मोनॉक्साइड शून्याजवळ आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) चढलेलं दिसलं, तर मिश्रण बहुधा फार लीन आहे किंवा प्लग ठिणगी सोडत नाही. दोन्ही चढलेले असतील तर ओव्हर. फ्लोटची (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ठरल्या उंचीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी, अडकलेला चोक आणि फिल्टर तपासायला लावा.

पॉइंटवाल्या गाडीत, म्हणजे जिथे धातूचे दोन संपर्क उघडले की ठिणगी पडते, टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) बघून घ्यावं. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडते. मग जळणाऱ्या वायूचा दाब पिस्टन खाली निघून गेल्यावर तयार होतो आणि कामाऐवजी सायलेन्सर तापवतो.

पेट्रोलच्या पाइपवर बांधायचे चुंबक, टाकीत टाकायच्या डांबराच्या गोळ्या, पाण्यातून हायड्रोजन काढणारी डबी यांवर मी थोडक्यातच बोलतो. पेट्रोलचे रेणू चुंबकाला दाद देत नाहीत. पाणी फोडायला लागणारी वीज त्याच इंजिनावरच्या डायनॅमोतून येते, आणि त्या व्यवहारात प्रत्येक पायरीवर तोटाच होतो. पहाटे पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, हाही समज सोडावा. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही.

वेगाचं मात्र खरं आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 50 ला लागणारं 165 न्यूटन बळ 90 ला 320 च्या घरात जातं. जास्त भाराखाली इंजिन जरा कार्यक्षम होतं म्हणून पेट्रोल दुप्पट लागत नाही, पण खर्च चांगलाच वाढतो. समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 ची मुभा आहे. या डबीसारख्या उभट गाडीला ती घेण्यासारखी नाही, आणि जुन्या टायरांवर तर नाहीच.

केलेल्या दुरुस्तीचा फायदा झाला का, हे कळायला टाकी फुल्ल करून मोजणं चांगलं, पण दहा लिटरांच्या हिशेबात एका लिटरची चूक म्हणजे दहा टक्के. तीन-चार टाक्यांची बेरीज करूनच भागाकार करा. टायर बदलले असतील तर मीटर आधी रस्त्याच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून घ्या. 145/70 च्या जागी 145/80 चे टायर बसवले तर चाक पाच टक्क्यांहून मोठं होतं, मीटर तेवढं कमी पळतं आणि ॲव्हरेज पडल्याचा खोटा भास होतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

एक चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण तिला पेट्रोलच लागत नाही. टायरमध्ये सकाळी, गाडी थंड असताना, पुस्तिकेप्रमाणे हवा भरा. वारा नसलेल्या वेळी मोकळा, सरळ, सपाट रस्ता निवडा, मागेपुढे कुणी नाही हे पाहा. 60 च्या थोडं वर जाऊन गाडी न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा, आणि शेजारी बसलेल्याला 60 पासून 40 पर्यंतचे सेकंद मोजायला सांगा. मग त्याच तुकड्यावर उलट दिशेने तेच करून सरासरी घ्या, म्हणजे चढ-उतार आणि वारा निघून जातो. गिअरबॉक्सचं घर्षण धरून दोन माणसांसह ही वेळ 25 सेकंदांच्या आसपास यायला हवी. 18 च आली, तर न्यूटनच्या नियमाने 70 न्यूटनांच्या वर जादा बळ कुठेतरी गाडी धरून ठेवतंय. चारही रिमांजवळ हात नेऊन बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असलं, तर त्याचा ब्रेक काळ्या मातीने किंवा गंजाने जाम झाला आहे.