होडीतलं स्वयंपाकघर आणि डोलकाठीची उंची

वडोदऱ्यात ‘मांडवीला जाऊन येतो’ म्हटलं की माणूस जुन्या शहराच्या मध्यावर जातो. मी गेल्या हिवाळ्यात कच्छच्या मांडवीला गेलो. तिथे रुक्मावतीच्या काठी आजही लाकडी जहाजं बांधतात. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात परतलो आणि भाच्याबरोबर दोन फुटी शिडाची होडी करायला घेतली. त्याला आत बाकं, कपाटं हवी होती आणि डोलकाठी उंचच उंच. टबात सोडताच होडी आडवी झाली.

होडी कलली की तिच्या बुडालेल्या भागाचा मध्य कललेल्या बाजूला सरकतो. पाणी तिला तिथून वर रेटतं आणि सरळ करतं. गुरुत्वमध्य वर चढला की हा जोर घटतो.

खऱ्या होडीचा हिशेब पाहा. गुरुत्वमध्याच्या १० मीटर वर १० किलो वाढवले, तर ते तोलायला १ मीटर खाली १०० किलो नीरम, म्हणजे तोल राखायचं तळातलं वजन, भरावं लागतं. म्हणजे एकूण ११० किलो. पाणरेषेशी होडीचं क्षेत्रफळ १५ चौरस मीटर असेल, तर समुद्रात ती सुमारे ७ मिलिमीटर आणखी बुडते. म्हणून पोकळ डोलकाठी करतात, ती मला फार शहाणपणाची वाटते.

स्वयंपाकघर मध्याजवळ बरं, कारण नाळेपेक्षा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापेक्षा, तिथे हेलकावे कमी. पाण्याची टाकी तळाशी ठेवावी आणि आत आडपडदे घालावेत. अर्धी भरलेली परात उचलून चालून बघा: जरा कलली की सगळं पाणी खालच्या कडेला धावतं आणि ती आणखी कलते. टाकीतही हेच घडतं.

शिडाचं गणित मला सगळ्यात सुंदर वाटतं. वारा शिडाला एका बिंदूत ढकलतो असं मानतात; होडीचा बुडालेला भाग आडवं सरकायला दुसऱ्या बिंदूत विरोध करतो. शिडाचा बिंदू मागे पडला तर नाळ वाऱ्याकडे वळते आणि सुकाणू सतत ओढून धरावं लागतं. होडी कलल्यावर शीड बाजूला झुकतं, त्यानेही ती तिकडेच वळते. म्हणून नकाशात शिडाचा बिंदू मुद्दाम थोडा पुढे काढतात. तरी वाऱ्याकडे वळायची किंचित ओढ राहू द्यावी: सुकाणू हातातून सुटलं तर होडी आपोआप वाऱ्याला सामोरी होते आणि मंदावते.

भाच्याने डोलकाठी चार इंच कापली, कपाटं काढून तळाशी शिशाची पट्टी बसवली. डोलकाठीचं नवं भोक एक इंच पुढे पाडलंय. जुन्यात सागाची खुंटी ठोकली आहे, तिच्यावरचा डिंक अजून वाळतोय.