हॉट स्टोव्ह लीग

हॉट स्टोव्ह लीग : अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम संपल्यापासून वसंतातील सराव शिबिरे सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारणतः नोव्हेंबरच्या प्रारंभापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, खेळाडूंचे मोल आणि संघांची फेरबांधणी यांवरून चाहत्यांमध्ये चालणाऱ्या वादचर्चेला दिलेले नाव. हिवाळ्यात गावातील दुकानात पेटत्या स्टोव्हभोवती जमून बेसबॉलच्या गप्पा मारण्याच्या जुन्या रिवाजावरून ते पडले. मेजर लीग या अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेचा एकही सामना या काळात होत नाही; पण पुढच्या हंगामातील यशापयशाची बरीचशी पायाभरणी याच महिन्यांत होत असल्याने ही चर्चा रिकामपणाचा उद्योग मानली जात नाही.

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ असून प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. वर्ल्ड सिरीज ही अजिंक्यपदाची अंतिम मालिका संपताच ज्यांचे करार पूर्ण झाले आहेत असे पुरेशा सेवेचे खेळाडू ‘फ्री एजंट’, म्हणजे कोणत्याही संघाशी बोलणी करण्यास मोकळे होतात. डिसेंबरमध्ये संघांचे व्यवस्थापक आणि खेळाडूंचे प्रतिनिधी ‘विंटर मीटिंग्ज’ या वार्षिक मेळाव्यात एकत्र येतात आणि अदलाबदलीच्या बातम्यांना तेथे ऊत येतो. आयपीएलच्या लिलावाला सरावलेल्या वाचकाने येथे एक फरक ध्यानात घ्यावा. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते आणि बोली सर्वांसमक्ष लागते. बेसबॉलमध्ये वाटाघाटी बंद दाराआड महिनोन्‌महिने चालतात, करार दहा-पंधरा वर्षांचेही होतात आणि खर्चाला कमाल मर्यादा नसते. ठरावीक रकमेच्या वर गेलेल्या वेतनखर्चावर संघाला कर मात्र भरावा लागतो. २०२४ साली ही रेषा २३.७ कोटी डॉलर होती. अमुक खेळाडू घेतल्यास संघ करात अडकेल का, हा प्रश्न त्यामुळे चाहत्यांच्या वादात हमखास येतो.

खेळाडूंना हे स्वातंत्र्य पूर्वी नव्हते. करारातील ‘रिझर्व्ह क्लॉज’ या कलमानुसार करार संपल्यावरही खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहत असे. हिवाळी चर्चा त्या काळी मुख्यतः अदलाबदल आणि विक्री यांपुरती असे, आणि तिच्यातील काही प्रकरणे अजूनही उगाळली जातात. बॉस्टन रेड सॉक्सने डिसेंबर १९१९ मध्ये बेब रूथला न्यूयॉर्क यँकीजला विकले. पुढच्याच हंगामात त्याने ५४ होम रन (सहसा चेंडू मैदानाबाहेर टोलवून सर्व बेस पार करणारे फटके) मारले आणि बॉस्टनला यानंतरचे अजिंक्यपद २००४ पर्यंत मिळाले नाही. न्यूयॉर्क मेट्सने डिसेंबर १९७१ मध्ये जिम फ्रेगोसीसाठी नोलन रायन हा तरुण पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) आणखी तीन खेळाडूंसह देऊन टाकला. फ्रेगोसी मेट्सकडे दोन हंगामही टिकला नाही, तर रायन १९९३ पर्यंत खेळत राहिला आणि ५,७१४ बॅटर बाद करण्याचा (स्ट्राइकआउट) विक्रम त्याच्या नावावर लागला.

मोलाच्या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र फ्रँक रॉबिन्सनचे आहे. सिनसिनाटी रेड्सने डिसेंबर १९६५ मध्ये त्याला बाल्टिमोर ओरिओल्सकडे पाठवून मिल्ट पॅपस हा पिचर व आणखी दोन खेळाडू घेतले. रॉबिन्सन तेव्हा तिशीचा होता आणि त्याचे शरीर वयाच्या मानाने अधिक झिजले आहे, असा रेड्सच्या व्यवस्थापनाचा अंदाज होता. १९६६ मध्ये त्याने .३१६ ची सरासरी (हजार प्रयत्नांत ३१६ यशस्वी फटके), ४९ होम रन आणि १२२ ‘रन्स बॅटेड इन’ (त्याच्या बॅटिंगमुळे संघाला मिळालेल्या धावा) या तिन्हींत अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) पहिला येऊन तिहेरी मुकुट पटकावला, तेथील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि ओरिओल्सने वर्ल्ड सिरीज सलग चार सामन्यांत जिंकली. रेड्सने विचारलेला प्रश्न मुळात गैर नव्हता. तिशीतील खेळाडूची पुढची वर्षे कशी जातील, हाच आजही प्रत्येक कराराचा गाभा आहे. चुकले ते उत्तर.

सेंट लुईस कार्डिनल्सच्या कर्ट फ्लडने १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला झालेली आपली बदली नाकारली आणि प्रकरण न्यायालयात नेले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखालील खेळाडू संघटनेने मग लवादाचा मार्ग धरला. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांनी नव्या करारावर सही न करता १९७५ चा हंगाम आरंभला, आणि त्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्स यांनी ते मोकळे झाल्याचा निर्णय दिला. पुढच्या वर्षीच्या सामूहिक करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर फ्री एजंट होण्याची पद्धत पक्की झाली. हिवाळी चर्चेत तेव्हापासून पैसा कायमचा शिरला. डिसेंबर २००० मध्ये टेक्सस रेंजर्सने अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझशी केलेला दहा वर्षांचा २५.२ कोटी डॉलरचा करार अनेकांना वेडेपणा वाटला होता. हुआन सोतोने डिसेंबर २०२४ मध्ये मेट्सशी पंधरा वर्षांसाठी ७६.५ कोटींचा करार केला.

मोल मोजायचे कसे, यावरचा वाद याहून खोल आहे. बॅटिंगची सरासरी, होम रन आणि रन्स बॅटेड इन ही तीन परिमाणे चाहत्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरत होती. १९७० च्या दशकात बेसबॉल-लेखक बिल जेम्स आणि १९७१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्था यांच्याभोवती आकडेवारीचा नवा अभ्यास वाढला. त्याच परंपरेतून आज सर्वाधिक वापरले जाणारे ‘वॉर’ (विन्स अबव्ह रिप्लेसमेंट) हे माप पुढे आले. सहज आणि स्वस्तात मिळू शकणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत अमुक खेळाडूने संघाच्या खात्यात किती विजयांची भर घातली, याचा हा अंदाज असतो. निव्वळ बदली खेळाडूंचा संघ १६२ पैकी सुमारे ४८ सामने जिंकेल असे त्यात गृहीत धरतात. बॅटिंग, धावणे आणि क्षेत्ररक्षण यांचे रूपांतर धावांत करून साधारण दहा धावांना एक विजय असा हिशेब मांडतात. तुलना सरासरी खेळाडूशी न करता बदली खेळाडूशी करण्यामागे व्यवहार आहे : सरासरी दर्जाचा माणूसही बाजारात फुकट मिळत नाही.

या मापावरून झालेली सर्वांत गाजलेली लढत २०१२ ची. डेट्रॉइटच्या मिगेल कॅब्रेराने .३३०, ४४ होम रन आणि १३९ रन्स बॅटेड इन असा तिहेरी मुकुट मिळवला, जो १९६७ मधील कार्ल यास्ट्रेम्स्कीनंतर कोणालाच साधला नव्हता. दुसऱ्या बाजूला एंजल्स या संघाचा वीस-एकवीस वर्षांचा माइक ट्राउट होता. त्याची सरासरी .३२६ होती, होम रन ३०, चोरलेले बेस (फटका नसताना धावून गाठलेले) ४९, आणि सेंटरफील्डमधले (मैदानाच्या मागच्या मधल्या भागातले) क्षेत्ररक्षण कॅब्रेराच्या तिसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षणाहून कितीतरी सरस. वॉर ट्राउटचा दहाच्या वर गेला, कॅब्रेराचा सातच्या आसपास राहिला. सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या मतदानात मात्र कॅब्रेराला पहिल्या पसंतीची २८ पैकी २२ मते मिळाली. डेट्रॉइट बाद फेरीत पोहोचला आणि एंजल्स नाही, हे कॅब्रेराच्या बाजूने सांगितले गेले; पण एंजल्सने ८९ सामने जिंकले होते आणि डेट्रॉइटने ८८. फरक केवळ ते ज्या वेगवेगळ्या गटांत खेळत होते त्यांचा होता, म्हणून हा युक्तिवाद लंगडाच म्हणावा लागेल.

तरीही वॉर म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. बेसबॉल-रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या दोन प्रमुख संकेतस्थळांवर त्याची सूत्रे वेगळी आहेत. पिचरच्या बाबतीत पहिले प्रत्यक्ष दिलेल्या धावांवरून हिशेब करते, तर दुसरे स्ट्राइकआउट, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला आपोआप मिळणारा पहिला बेस) आणि होम रन यांवर, म्हणजे क्षेत्ररक्षकांवर न विसंबणाऱ्या घटनांवर भर देते. त्यामुळे एकाच पिचरच्या एकाच हंगामाचे दोन आकडे निघतात आणि ज्याला जो सोयीचा तो तो पुढे करतो. एका हंगामाच्या क्षेत्ररक्षणाच्या आकड्यांवर तर जाणकारही फारसे विसंबत नाहीत. अर्ध्या विजयाच्या फरकावरून दोन खेळाडूंची क्रमवारी लावणे हा मापाचा दुरुपयोग आहे, पण हिवाळ्यात तो रोज होतो.

वॉरमुळे चाहत्याची उभे राहण्याची जागाही सरकली. एका विजयाचा बाजारभाव अलीकडे साधारण ८० लाख ते १ कोटी डॉलर धरून कराराला भागाकार केला जातो आणि सौदा ‘फायद्याचा’ की ‘तोट्याचा’ हे ठरवले जाते. कमी पैशांत संघ बांधणाऱ्या ओकलंडने या दृष्टीला प्रतिष्ठा दिली. २००१ च्या हंगामानंतर जेसन जियांबीसह तीन प्रमुख खेळाडू गमावूनही ओकलंडने २००२ मध्ये १०३ सामने जिंकले, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा एक अधिक. मात्र या हिशेबात चाहता नकळत मालकाचा खजिनदार होतो. वाचलेला पैसा दुसऱ्या खेळाडूवर खर्च होईलच, असे कोणीही लिहून दिलेले नसते. बॉस्टनने फेब्रुवारी २०२० मध्ये मुकी बेट्सला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवले तेव्हा कराच्या रेषेखाली येण्याचे समर्थन पुष्कळांनी केले. त्याच वर्षी बेट्सने डॉजर्ससोबत वर्ल्ड सिरीज जिंकली आणि बारा वर्षांचा करारही केला.

सेवाकाळाचे गणित याच प्रकारातले. १७२ दिवसांचे एक सेवावर्ष मानले जाते. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला, सराव सामन्यांत नऊ होम रन मारूनही, हंगामाच्या प्रारंभी संघात घेतले नाही. एप्रिलच्या मध्यास बोलावल्याने त्याचे १७१ दिवस भरले आणि त्याच्यावरचा संघाचा हक्क एक वर्षाने लांबला. त्याची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. व्यवस्थापनाची ही चतुराई असल्याचे कित्येक चाहते कौतुकाने सांगतात. खेळाडू संघटना तिला लबाडी म्हणते.

लांब करारांचा प्रश्न वयाचा आहे. बहुतेक बॅटरांचा बहर सत्ताविशीच्या आगेमागे असतो आणि तिशीनंतर उतार लागतो, पण फ्री एजंट होईपर्यंत बहुतेकांची तिशी जवळ आलेली असते. म्हणजे संघ मागील कर्तृत्व पाहून पुढील उताराचे पैसे मोजतो. अल्बर्ट पुहोल्सने सेंट लुईसमध्ये ४४५ होम रन आणि तीनदा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवल्यावर एंजल्सने डिसेंबर २०११ मध्ये त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले. तेथे त्याची सरासरी एकाही हंगामात .३०० वर गेली नाही, संघाने बाद फेरीतला एकही सामना जिंकला नाही, आणि करार संपण्याआधीच मे २०२१ मध्ये त्याला मोकळे करण्यात आले. शोहेई ओतानीच्या २०२३ मधील ७० कोटींच्या करारात वयाच्या जोडीला वेळेचाही हिशेब आला : त्यातील ६८ कोटी डॉलर २०३४ पासून द्यायचे असल्याने करासाठी त्याचे वार्षिक मूल्य सुमारे ४.६ कोटीच धरले जाते. डॉजर्सने नियमाला बगल दिली की नियमातली मुभा वापरली, यावर चाहत्यांत दोन तट आहेत. अशी मुभा सर्व ३० संघांना आहे, हे दुसऱ्या तटाचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे.

सौदे थांबले तरी चर्चा थांबत नाही, याचा प्रत्यय २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ या ९९ दिवसांच्या टाळेबंदीत आला. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील सामूहिक करार संपल्याने मेजर लीगमधील करार आणि अदलाबदल पूर्ण बंद होती. त्या जानेवारीत वादाची जागा हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधील दिग्गजांच्या सन्मानदालनासाठीच्या मतदानाने घेतली. डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच प्रयत्नात निवडला गेला, तर उत्तेजकांच्या आरोपांमुळे अडलेले बॅरी बाँड्स आणि रॉजर क्लेमन्स दहाव्या आणि शेवटच्या संधीतही निवडले न गेल्याने मतपत्रिकेवरून बाहेर पडले.